सव्वा मूठ

एसटीतून निवृत्त झालेल्या कंडक्टरचं काय होतं ते डॉक्टर पूर्ण सांगत नाहीत. गुडघे जातात, कंबर जाते, एवढं सांगतात. तोंड जातं, हे कुणी सांगत नाही. मी उभी हयात शहादा डेपोत काढली. दिवसभर बोलायचं. पुढे सरका. सुट्टे काढा. मावशी, पिशवी मांडीवर घ्या. ओ पाहुणे, दारात काय लोंबकळता, सासुरवाडीला चाललात का? लोक चिडायचे, हसायचे, उलट बोलायचे. संध्याकाळी घरी येऊनही माझी टकळी चालूच, तेव्हा बायको म्हणायची, आता जरा गप्प बसा हो. ती गेली आणि मी गप्प बसलो तो बसलोच.

मुलगा भूपेश सुरतेला उधन्यात असतो. पोरगा वाईट नाही. रोज फोन करतो. जेवलात का पप्पा, गोळी घेतली का पप्पा. मी हो म्हणतो. संपला फोन. मग घरात एखादं भांडं पडलं तरी मला बरं वाटतं. लोकांना सांगत नाही, पण एकटेपणा मला फार खातो. सकाळी दहा ते दुपारी चार तर नकोच वाटतात.

म्हणून मी पेपरात पत्रं लिहायला लागलो. 'वाचकांची पत्रे' असतात ना, तिथे. विषय काहीही. लोक राम राम म्हणायचे का थांबले. पपईचं झाड आणि शेजारधर्म. त्यातलं एक पत्र होतं एसटीतल्या घंटीच्या दोरीवर. पूर्वी गाडीत छताला लागून पुढपर्यंत दोरी जायची, ती ओढली की ड्रायव्हरजवळ घंटी वाजायची. त्या दोरीत काय सत्ता होती ते मी रंगवून लिहिलं होतं. पेपरवाल्यांनी खाली नाव, गल्ली, गाव सगळं छापलं. लोटन भिला पाटील, निवृत्त वाहक, शहादा.

पंधरवड्याने शेजारच्या गौतमचंदने हाक मारली. त्याचं किराणा दुकान आहे आणि पोस्टमन माझं टपाल त्याच्याकडेच टाकून जातो. गौतमचंद मारवाडी, पण अहिराणी आमच्यापेक्षा चोख. त्याने ते आंतरदेशीय पत्र चिमटीत धरलं होतं.

"मास्तर, जेलना शिक्का शे यानावर. काय करी बठनात?"

"तुन्हा तेलमा भेसळ शे, म्हनीसन तक्रार करेल व्हती मी. त्यानं उत्तर उनं," मी म्हणालो आणि पत्र घेऊन घरात आलो. कंडक्टरला आमच्याकडे मास्तरच म्हणतात, शाळेत एक दिवस शिकवलं नसलं तरी.

पत्र नाशिकरोड कारागृहातून होतं. अक्षर सुरेख, शाळेत सुलेखनाचं बक्षीस मिळवणाऱ्या पोराचं असतं तसं. लिहिलं होतं: 'आपले पत्र वाचले. आमच्याकडे पेपर उशिरा हाती येतो, पण वेळ भरपूर असल्याने चालते. लहानपणी मी रनाळ्याच्या गाडीत ती दोरी ओढली होती. गाडी थांबली आणि कंडक्टरने माझा कान पिरगळला. ते आपण असाल तर नमस्कार. नसाल तरी नमस्कार. आपला, नवनीत पाटील.' खाली बंदी क्रमांक.

मी हसलो. मोठ्याने हसलो. घरात माझं हसू मलाच परकं वाटलं. लगेच लिहायला बसलो. 'तो कान मीच पिरगळला असेल. मी पुष्कळ कान पिरगळले आहेत. दुखला असेल तर माफी नाही, चूक तुझी होती.'

असं सुरू झालं. त्याची पत्रं महिन्याला एक, कधी दोन. मला वाटलं होतं, जेलमधला माणूस जेलचं सांगेल. तो एक अक्षर सांगायचा नाही. त्याला बाहेरचं हवं असायचं, आणि बाहेरचंही मोठं काही नाही. नंदुरबारला मिरची वाळवायच्या पथारी पडल्या का? वाऱ्याने अजून शिंका येतात का? शहाद्याच्या बाजारात केळी कशी डझन? ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे आपले पापड, कुणी करतं का अजून? मी पिशवी घेऊन मुद्दाम बाजारात जायला लागलो. मिरचीच्या पथारी बघायला एकदा नंदुरबारपर्यंत गेलो, तिथे उभं राहून आठ-दहा वेळा शिंकलो आणि ते जसंच्या तसं कळवलं. त्याने लिहिलं, 'तुमच्या शिंका पोचल्या.' गौतमचंद म्हणायचा, मास्तर, प्रेमपत्रंसुद्धा माणूस इतक्या घाईने उघडत नाही. म्हणू दे. पत्र आलेल्या दिवशी मी भाजीत तेल जास्त घालायचो.

गुन्हा त्याने स्वतःच सांगितला, मी विचारला नव्हता. रनाळ्याला काकाच्या आणि यांच्या शेताच्या मध्ये बांध. चुलतभाऊ बांध कोरतो म्हणून तोंडातोंडी झाली. हातात फावडं होतं. 'मी एकदाच मारलं. पण एकदाही मारायचं कारण नव्हतं. तो माझ्याहून लहान होता आणि पोहायला मीच शिकवला होता. जन्मठेप आहे. हे वाचून पत्र बंद केलंत तर मी समजेन.'

मी दोन आठवडे लिहिलं नाही. खोटं कशाला सांगू, अंगावर काटा आला होता. त्या पोराच्या अक्षराकडे बघायचो आणि तो हात आठवायचो. मग एका दुपारी इतकं सुनं वाटलं की कागद ओढला आणि लिहिलं, 'तुझं पत्र वाचलं. औंदा पपईवर रोग आहे.' त्याने उलट टपाली लिहिलं, 'पपईबद्दल सविस्तर कळवा.' त्या विषयावर आम्ही परत बोललो नाही.

श्रावणाच्या आधी त्याचं एक पत्र आलं, ते मात्र वेगळं होतं. त्यात बाजारभाव नव्हते.

'मास्तर, कानबाई जवळ आली. एक काम सांगतो. आमच्या घरी गहू काढायच्या दिवशी तुम्ही रनाळ्याला जाऊन बघाल का? माझ्या नावाची मूठ काढतात का, एवढंच. आईला फोनवर विचारलं तर ती हो म्हणेल. ती आई आहे. भाऊ काहीच बोलणार नाही. तुम्ही परके आहात म्हणून तुम्हाला विचारतो. जे असेल ते लिहा. मला नीट माहीत पाहिजे, मी त्या घरात आहे की नाही.'

खानदेशाबाहेरच्या माणसाला ही मूठ समजायची नाही, म्हणून सांगतो. श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. तिचे रोट करतात, रव्याळ दळलेल्या गव्हाचे जाडजूड. त्या रोटांसाठी गहू असेच पोत्यातून ओतून घेत नाहीत. भाऊबंद एकत्र बसतात आणि घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू काढतात. म्हातारा असो की पाळण्यातला, पुरुष म्हटला की त्याची सव्वा मूठ. नोकरीला मुंबईत असला तरी त्याची मूठ निघते. मग गिरणी धुऊन घेऊन ते दळतात, रोट करतात, आणि ते रोट फक्त त्या भाऊबंदांनीच खायचे. जावयालाही देत नाहीत. कुणाची मूठ काढली आणि कुणाची नाही, यावरून माणूस घरातला की बाहेरचा ते ठरतं. सरकारी कागदावर काहीही लिहिलेलं असो.

गहू काढायचा दिवस त्याने पत्रातच कळवला होता. मी शहाद्याहून नंदुरबार आणि तिथून दोंडाईच्याच्या गाडीने रनाळ्याला गेलो. नवनीतचा मोठा भाऊ हेमकांत पपईची रोपं विकतो. मी रोपं बघायला आलो असं सांगितलं. ते खोटं नव्हतं, मी सगळी रोपं नीट बघितली. हेमकांत भला माणूस वाटला, कमी बोलणारा. ओट्यावर बसवलं, चहा सांगितला आणि म्हणाला, "बठा नाना, आमनं रोटना गहू काढानं चालू शे. तितलं व्हवू द्या."

ओट्यावरून आतला चौक स्वच्छ दिसत होता. परातीत गहू, भोवती पुरुष मंडळी. मधे एक म्हातारा मांडी घालून बसला होता. मुठी काढणारा हात त्याचा होता, कारण भाऊबंदांत वयाने मोठा तोच. कुणीतरी 'आबा, सुरू करा' म्हणालं आणि त्याने स्वतःचंच नाव घेतलं, "रेवजी." सव्वा मूठ टोपलीत पडली. मग हात परातीवर तसाच थांबला. त्याच्या मागे त्याच्या मुलाचं नाव यायला हवं होतं. मला तेव्हा कळलं, हा नवनीतचा काका. ज्या पोरावर फावडं पडलं, त्याचा बाप.

मग हात पुढे निघाला. "हेमकांत." सव्वा मूठ. हेमकांतच्या पाठचा भाऊ नवनीत. मी चहाची बशी खाली ठेवली आणि कान लावून बसलो. पुढचं नाव आलं ते हेमकांतच्या मुलाचं. मग त्याच्या धाकट्या मुलाचं. मग दुसऱ्या घराची नावं सुरू झाली. थांबा नसलेल्या गावावरून गाडी जाते, तशी ती नावं पुढे गेली. कुणी वळूनही बघितलं नाही.

मधल्या दारात एक बाई उभी होती. अंगाने वाळलेली, डोक्यावरून पदर. ती गहू निसायला बसलेल्या बायांत नव्हती आणि पुरुषांत तर नव्हतीच. तिचे ओठ हलत होते. तिला बघितलं आणि मी ओळखलं, ही दगूबाई, नवनीतची विधवा आई; नाव त्याच्या पत्रात आलं होतं.

हेमकांत रोपांच्या पिशव्या बांधायला मागे गेला तेव्हा ती पाण्याचा तांब्या घेऊन ओट्यावर आली. मी हळूच म्हटलं, "माय, मी शहादाना लोटन मास्तर. माले नवनीतनी धाडं. तो माले चिठ्ठ्या लिखस."

तिने तांब्या खाली ठेवला. "कसा शे तो?"

"बरा शे. त्याले इतलंच जानन शे, त्याना नावनी मूठ काढतस का नई."

तिने आत बघितलं आणि पटकन म्हणाली, "लिखी द्या, काढी म्हनीसन."

"आनि खरं काय?"

"खरं तुमी आते दखं ना, मास्तर. तो आबा बठेल शे तठे. त्याना एकुलता एक पोऱ्या गया. त्याना हाते मी मन्हा पोऱ्यानी मूठ कसी काढाले लावू? तो उठी जाई. रोट सोडी दी. मंग कसाना भाऊबंद नि कसानी कानबाई? मी तोंड उघाडं तर हाई घर फुटी." आणि मग हात जोडून, "पन त्याले नका कळू द्या. तठे त्याना जीवले तितलाच आधार शे. खोटं लिखा. मन्हा करता लिखा."

चार रोपं विकत घेतली आणि निघालो. माझ्याकडे अंगण नाही, ती गौतमचंदच्या मागच्या वाड्यात लावली.

परतीच्या गाडीत मला खिडकी मिळाली, पण बाहेर काय होतं ते सांगता येणार नाही. मी सारखा एकच हिशेब करत होतो. 'काढली' असं लिहिलं तर पोरगा सुखात राहील, आई सुखात राहील, आणि माझी पत्रंही चालू राहतील. शिंका, पपई, केळी. 'नाही काढली' असं लिहिलं तर तो मला कशाला लिहील? वाईट बातमी आणणाऱ्याला कुणी दुसऱ्यांदा बोलावत नाही. मला त्याच्या पत्रांची भूक होती, हे कबूल करतो. पण त्याने मला विचारलं होतं ते एवढ्याचसाठी, की मी खोटं बोलणार नाही. खोटंच ऐकायचं असतं तर त्याला घरचं माणूस होतं की. आणि मला स्वतःच्या खरेपणाचा जरा माजही होता, तोही सांगून टाकतो. साहेबाच्या मेहुण्याचंही मी तिकीट फाडलेलं आहे.

घरी आल्यावर काय वाटलं कोण जाणे, मी आपण होऊन भूपेशला फोन लावला. तो घाबरला. म्हणाला, "पप्पा, तब्येत बरी शे ना?"

"बरी शे. यंदा मन्ही मूठ काढी का रे?"

"मूठ? पप्पा, आते सोसायटीनी एकच कानबाई ऱ्हास. वर्गणी दिन्ही आपन. रोट तयार येतस."

"मंग नावं कोन लेस?"

"नावं कसाना? तठे दोनशे घरं शेत." मग तो हसून म्हणाला, "तुमले रोट पाठाडू का कोना हाते?"

मी नको म्हटलं. गोळी घेतली असंही सांगितलं. मग दिवा लावला आणि लिहायला बसलो. लिहिलं ते पाठ आहे.

'नवनीत, मी डोळ्यांनी बघितलं. तुझ्या नावाची मूठ काढत नाहीत. मुठी रेवजी आबा काढतात, त्यामुळे दुसरं काही होण्यासारखं नाही. आई दारात उभी होती. तिने मला खोटं लिहायला सांगितलं. तिचं चुकलं असं मला वाटत नाही. माझंही चुकत नसावं. तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाही, पण माझ्याही मुलाने यंदा माझी मूठ काढली नाही. पत्र पाठव. लोटन मास्तर.'

टाकलं पेटीत. दुसऱ्या दिवसापासून वाट बघायला लागलो.

श्रावण संपला. पोळा झाला, गणपती आले आणि गेले. मी गौतमचंदच्या दुकानात दहाच्या सुमाराला काहीतरी घ्यायला जायचो. कधी काडेपेटी, कधी जिरं. माझ्या घरात एवढ्या काडेपेट्या झाल्या की सगळी गल्ली पेटवता आली असती. सुरुवातीला गौतमचंद चेष्टा करायचा. मग तो मी दिसलो की नुसती मान हलवायचा. ती मान हलवणं मला चेष्टेपेक्षा जास्त लागायचं. नवरात्रात मी दुसरं पत्र धाडलं, त्यात फक्त मिरचीचं लिहिलं. त्याचंही उत्तर आलं नाही. मी बाजारात जायचं बंद केलं. केळी कशी डझन हे कुणाला सांगायचं?

दिवाळीच्या आधी एक दिवस दार वाजलं. दगूबाई उभी. स्टँडवर 'लोटन मास्तर कठे ऱ्हास' असं विचारत आली होती. एकटीच. हेमकांतला देवाला जाते असं सांगून. मी खुर्ची दिली तर ती खालीच बसली. पाणी प्यायली, आणि विचारलं, "काय लिखं तुमी त्याले?"

"खरं लिखं, माय."

तिने मान खाली घातली. रागावली असती तर बरं झालं असतं. "त्याना फोन उना व्हता," ती म्हणाली. "माले इचारं, माय, मूठ काढी का? मी सांगं, काढी रे बेटा. तर म्हने, तू खोटं बोलस. आनि फोन ठेवी दिन्हा. मंग फोनच नई. मी नाशिकले गयी भेटाले. दिवसभर बठनी. तो बाहेर उनाच नई."

जिथे खोटं बोलायचं नाही तिथे मी बोललो नव्हतो, आणि तिच्या पोराचा आवाज बंद झाला होता. मला तर तो आधीच बंद झाला होता.

"तुमनावर राग नई," ती म्हणाली. "राग करीसन काय व्हस? पन आते तुमी मन्हं काम करा. माले लिखता येत नई. मी सांगस तसं लिखा."

मी आंतरदेशीय पत्र काढलं, चष्मा लावला. तिने सुरू केलं आणि मी सवयीने तिचं बोलणं शाळेतल्या मराठीत लिहायला लागलो, 'चिरंजीव नवनीत यास अनेक आशीर्वाद'. तिने विचारलं, काय लिहिलंत ते वाचा. मी वाचलं. "हाई मी नई बोलनी," ती म्हणाली. "मी बोलस तसंच लिखा. तो मन्हा आवाज वळखस." मी तो कागद बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला.

ती भिंतीकडे बघून सांगत गेली. थांबत थांबत, माझा हात पोचेल असं.

"नवनीत, तुन्ही मूठ काढतस नई. मास्तरनी लिखं ते खरं शे. मी खोटं बोलनी. मी माय शे, मी अजून बी बोलसू. पन आज खरं आईक. मन्ही बी मूठ कोनी काढतस नई. बाईनी मूठच ऱ्हास नई. लगीन करीसन उनी तवयपाइन मी रोटना गहू निसस, धवस, रोट थापस, चुल्हाम्होरे बठस. मन्हा नावना एक दाना बी कोनी कवय काढा नई. तुन्हा बापनी नई, तुन्हा भाऊनी नई. तू बी नई. तवय तुन्ही मूठ व्हती, मन्ही नव्हती, आनि तुन्हा ध्यानमा बी नई उनं. मी त्याच घरमा जगनी ना रे? बिगर मुठनी जगनी. आते तू बी मन्हासारखा व्हयना. तुले एकटं वाटस व्हई, पन तठे मी पहिलेपाइन बठेल शे. फोन कर."

माझा पेन मधेच थांबला होता. तिने विचारलं, "लिखं का?" मी म्हटलं, लिखस. डोळ्यांत पाणी आलं होतं म्हणून अक्षर दिसत नव्हतं, एवढंच. मुलाने मूठ काढली नाही म्हणून मी श्रावणापासून कुढत होतो. माझ्या घरचे रोट इतकी वर्षं कुणी थापले, तिचं नाव कोणत्या परातीवर कुणी घेतलं, हे त्या दुपारपर्यंत माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

सही मी करतो म्हणून सांगितलं, तर तिने कागद स्वतःकडे ओढला. साक्षरता वर्गात तिने एवढंच शिकून घेतलं होतं. पेन मुठीत धरून तिने चार अक्षरं काढली, दगूबाई, केवढी तरी मोठी. खाली उरलेली सगळी जागा त्यातच गेली. मी सहज म्हणालो, कडेला माझाही नमस्कार लिहू का?

"नको मास्तर," ती म्हणाली. "आते मायलेकराम्हा तिसरं नाव नको."

बरोबरच होतं तिचं. माझा नंबर तिने आपल्या नातवाकडून फोन लावून घेण्यासाठी मागितला, तो चिठ्ठीवर दिला. तिला स्टँडवर नेऊन नंदुरबारच्या गाडीत बसवलं, कंडक्टरला सांगितलं की माझी पाहुणी आहे, रनाळ्याची गाडी दाखवून दे. पत्र पेटीत टाकलं आणि घरी आलो.

दिवाळी झाली. भूपेश दोन दिवस येऊन गेला, सून आली, नातू आले. घर भरलं आणि रिकामं झालं. थंडी पडायला लागली तेव्हा एका सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. दगूबाईचा आवाज. पण त्या आवाजात एवढा जीव असू शकतो हे मला माहीत नव्हतं.

"मास्तर! त्याना फोन उना व्हता. नवनीतना!"

"बोलना का?"

"बोलना! खूप बोलना. येळ सरी गया तरी बोली ऱ्हायंता. माले म्हने, माय, रोटमा गूळ कवय टाकतस? गहू किती निसना पडतस? तुन्हा हात भाजतस का? जनमभर रोट खादा त्यानी, आज इचारं! दर आठोडाले फोन करसू म्हने. मी नाशिकले जाई ऱ्हायनी, हेमकांतले सांगीसन जाई ऱ्हायनी, चोरी नई."

मी म्हटलं, फार चांगलं झालं माय. खरंच वाटलं ते. मी उभाच राहिलो होतो फोन घेऊन. तिचं बोलून झालं, आता ती ठेवणार, आणि मग दहा ते चार. विचारायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण तोंडाची सवय.

"माय," मी म्हणालो, "मन्हं काही इचारं का त्यानी?"

तिला हो म्हणता आलं असतं. माझ्यासारख्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा खोट्याची वाट बघितली, आणि ते मला पुरलं असतं.

"नई, मास्तर," ती हळूच म्हणाली. "तुमनं नाव नई काढं त्यानी."